तीन घरांतला एक रेडिओ

आमच्या आजोळी एक वस्तू आहे. तीन पिढ्यांनी ती जिवापाड जपली, तिच्यापायी रक्ताची नाती तुटली, आणि एका दुपारी तिच्यातून जो आवाज आला तो ऐकायला आम्ही चौघंच होतो. वस्तू म्हणजे मोटारीत बसवायचा जुना रेडिओ. जिवापाड जपली म्हणजे तिचे तीन तुकडे करून तीन घरांत ठेवले.

माझं आधीच सांगून ठेवतो. मी वाशीमला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, आता रिटायर होऊन रिसोडला राहतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आज नाही, आणि हे लिहून झाल्यावर बसेल असंही दिसत नाही. दसऱ्याला आमच्या लॅबमध्ये उपकरणांना हळदकुंकू लावून नारळ फोडायचे, तेव्हा मी लायब्ररीत जाऊन बसायचो. वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मात्र मी नेमाने वाचतो — माणूस दुसऱ्याच्या घरची लग्नपत्रिका ज्या भावनेने वाचतो, त्या भावनेने. इथल्या अनुभवांत ऐन वेळी लाईट जाते. आमच्याकडे ती तशीही जाते, त्याला भूत लागत नाही. इथे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कपड्यांत कोणीतरी उभं असतं... आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या फाट्यावर मी पुष्कळदा उभा राहिलोय, तिथे पांढऱ्या कपड्यांत फक्त पुढारी असतात. असो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तर मुद्द्यावर येतो.

माझे आजोबा मेडशीचे. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत, आणि म्हणायला कोणी विसरलं तर ते आठवण करून देत. जमीन बरी होती. पंचक्रोशीत रस्ता नव्हता त्या काळात त्यांनी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी अँबेसिडर घेतली. तिच्यात रेडिओ होता. ट्रान्झिस्टरच्या आधीचा — काचेच्या व्हॉल्व्हचा.

ज्यांनी तो प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या. त्या तापल्याशिवाय रेडिओ बोलत नाही. त्यांना लागतो दाब दोनशे व्होल्टच्या आसपास, आणि मोटारीची बॅटरी असते बाराची. म्हणून मध्ये एक जड लोखंडी पेटी असे. तिच्यातला व्हायब्रेटर नावाचा भाग थरथरत राही आणि बाराचे दोनशे करायला मदत करी. खटका दाबला की आधी पेटीतून घूंऽऽ असा आवाज, मग नुसतंच थांबणं, मग तापलेल्या धुळीचा वास, आणि मग कुठे माणसाचा आवाज. असा रेडिओ एका डब्यात मावत नसे. समोर काट्याचा आणि बटणांचा डायल, ड्रायव्हरच्या पायापाशी ती पेटी, आणि स्पीकर तिसरीकडे.

आबासाहेबांचा एक नियम होता. खटका दाबल्यापासून आवाज येईपर्यंत गाडीत कोणी बोलायचं नाही. बोललं तर व्हॉल्व्ह फुटतात, असं ते सांगत. भौतिकशास्त्रात याला काही आधार नाही. पण मागच्या सीटवर बसलेली त्यांची तीन पोरं — थोरला नाना, मधली माझी आई आणि धाकटा बापू — गुडघ्यांवर हात ठेवून श्वाससुद्धा बेताने घेत.

पुढे आबासाहेब गेले, गाडी चिंचेखाली सडून भंगारात गेली, रेडिओ तेवढा काढून ठेवलेला. मग वाटणी झाली. शेत, विहीर, बैल, भांडी सगळं सुरळीत वाटलं गेलं आणि रेडिओवर दोन्ही भावांची गाडी अडली. दोघांनाही तो हवा होता. वाजवायला नव्हे, तोपर्यंत दोघांकडे टीव्ही होते. पंच बसले. पंचांपैकी एकाने रेडिओ उलटापालटा करून पाहिला आणि त्याला आनंद झाला. तो म्हणाला, "हे तर वेगवेगळे नग हायेत." एका वाजत्या वस्तूचे दोन न वाजणारे नग झाले. डायल थोरल्याला मेडशीला, पेटी धाकट्याला. तो शिरपूरला राहायला गेला, पेटीही गेली. स्पीकर कोणाच्या लक्षातच आला नाही. पत्र्याची वाटी आणि कागदाचा कोन, त्यात रेडिओ आहे असं कोणाला वाटेना. आईने हक्कसोडीवर सही केली म्हणून तिला एक साडी दिली, आणि साडीच्या पिशवीत तो टाकला. त्या दिवसापासून दोन्ही मामा एकमेकांशी बोलले नाहीत. तीस वर्षं होऊन गेली.

आता बनवणाऱ्याचा प्रश्न. न वाजणाऱ्या रेडिओचा मोठेपणा कशावर ठरवायचा? कंपनीवर. नानामामाच्या डायलमागे पितळी पट्टी आहे, त्यावर बारीक इंग्रजीत अमेरिकन पेटंटांचे आकडे आणि 'लायसन्स्ड' हा शब्द. नानामामाने यातून असं काढलं की अमेरिकेच्या कंपनीने आबासाहेबांना खास लायसन्स देऊन रेडिओ पाठवला. बापूमामाच्या पेटीवर लाल अक्षरांत जर्मन शब्द आहेत. त्याचं शिरपूरला बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. तिथे काचेच्या कपाटात, फवारणी पंपांच्या वर, पेटी ठेवलेली असते आणि खाली पाटी: 'अस्सल जर्मन रेडिओ'. ते शब्द कंपनीचं नाव आहे असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मी एकदा मोबाईलवर अर्थ काढला. 'सावधान, उच्च दाब' एवढंच लिहिलंय. मामाला सांगितलं नाही. त्याने पाटीला सोनेरी कड लावली होती.

मी या विषयावर बऱ्यापैकी वाचलं, कारण दोन मामांना खोटं ठरवण्याइतकं स्वस्त सुख दुसरं नाही. व्हॉल्व्हचे कार-रेडिओ बनवणारे जगात पुष्कळ होते. अमेरिकेत आधी हौशी लोक घरचेच रेडिओ गाडीत कोंबत, मग कंपन्या उतरल्या, मग खुद्द मोटारी बनवणाऱ्यांनीच आपल्या शाखा काढल्या. इंग्लंडमध्ये ग्रामोफोनवाले शिरले, हॉलंडमध्ये बल्बवाले, जर्मनीत कानाला लावायचे हेडफोन करणारे. नावं देत नाही, त्यांच्यापैकी काहींचे वारस अजून वकील बाळगून आहेत. पण एक गोष्ट या सगळ्यांत सारखी दिसते. एकाचा डायल दुसऱ्याच्या पेटीला जोडलेला असा रेडिओ यांतल्या कोणीच कधी विकला नाही. तो उद्योग आपल्याकडच्या दुकानदारांचा. मिळेल त्याचं डोकं, मिळेल त्याचं धड, वर आपली हमी. थोडक्यात, आबासाहेबांचा रेडिओ कोणी बनवला या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की, पुरता कोणीच नाही.

हे मी नानामामाला एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुही नोकरी गेली पोरायले शिकवन्यात, म्हनून तुले सगळंच शिकवावंसं वाटते." त्याने 'आबासाहेब स्मृती दालन' बांधायला घेतलं होतं. त्यात डायल, आबासाहेबांची काठी, फेटा, आणि पाटी: 'याच रेडिओवर आबासाहेबांनी नवभारताची स्पंदने ऐकली.' उद्घाटनाला कोणीतरी पांढऱ्या कपड्यांतला यायचा होता. नानामामाला पेटीही हवी होती; डायल एकटा ठेवला तर लोक त्याला घड्याळ समजत.

या दोघांच्या मध्ये माझी आई. भाऊबीजेला ती दरवर्षी दोन्हीकडे जाई. मी गाडी चालवायचो. थोरल्याचा मान आधी, म्हणून आधी मेडशी. पण रिसोडहून मेडशीला जाताना वाटेत शिरपूर लागतं आणि बापूमामाचं दुकान ऐन रस्त्यावर. तिथे आलं की आई डोळे मिटून घ्यायची — थोरल्याच्या आधी धाकट्याचं तोंड पाहिलं असं व्हायला नको. बापूमामाही दारात खुर्ची टाकून आकाशाकडे पाहत बसलेला असे. मग मालेगाव, मग मेडशी, तिथे ओवाळणं, जेवण, आणि उलट शिरपूर. तिथे बापूमामा दारात येऊन म्हणे, "अरे, आज भाऊबीज होय का?" परतीच्या वाटेवर दुसरं जेवण. आईचं वय ऐंशीकडे झुकलं तरी हा दौरा चुकला नव्हता.

मागच्या दिवाळीआधी डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला. छातीचा पंप थकलाय, म्हणाले. जिना नको, गाडी नको, दगदग नको. बाहेर येऊन त्यांनी मला वेगळं जे सांगितलं ते आईला दाराआडून ऐकू गेलं असणार, कारण घरी आल्याबरोबर तिने फोन मागितला.

"नाना, मी यंदा येत नाही. तूच ये अठी."

"येतो ना. सकाळी येतो, दुपारच्या आत निघतो."

"सकाळी नाही, दुपारी ये. बापू बी दुपारीच येऊन राह्यला."

पलीकडे नानामामा खाकरला. मग, "मंग मी सकाळीच येतो."

"सकाळी दाराले कडी राहीन," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

बापूमामाचं वेगळं. "बाई, मले कोर्टात खेचतो म्हटलं होतं त्यानं पेटीसाठी. त्याच्या बाजूले बसू काय?"

"तू तुह्या पाटावर बस. बाजूच्या पाटावर नाना बसला का म्हैस बसली, तुले कायले पाह्यजे?"

दोघांनीही नकार दिला. मग आईने जे केलं ते मला आवडलं नाही, पण चतुर होतं. दोघांना सांगितलं की आपापला तुकडा घेऊन या, शरद — म्हणजे मी — जोडून देईल, आणि वाजला तर कोणाचा ते ठरवू. नानामामाला पेटी दिसली, बापूमामाला डायल दिसला. दोघांनी हो म्हटलं.

मी आईला म्हटलं, "ते जोडून वाजणार नाही. व्हॉल्व्ह गेलेले, आतलं सगळं सुकलेलं, उंदरांनी वायरी खाल्लेल्या."

"मले कुठी वाजवाचा हाये," ती म्हणाली. "मले थे दोघं एका टायमाले पाटावर पाह्यजेत. पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही कोनाले."

एवढंच होतं तिचं. तिच्या आयुष्यातली ही शेवटची भाऊबीज, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिच्या भावांना सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं. दयेने आलेले भाऊ तिला नको होते. रेडिओच्या लोभाने आलेले चालणार होते.

आमचं घर बाजार समितीच्या मागच्या बाजूला आहे. दिवाळीची सुट्टी, लिलाव बंद. तरी सोयाबीन भरलेले ट्रॅक्टर आधीपासूनच रांग लावून उभे होते, ट्रॉल्यांखाली माणसं झोपलेली. दुपारची वेळ, ऊन लख्ख, लाईट होती. हे मुद्दाम सांगतोय. या सदराच्या परंपरेशी मी फारकत घेत असेन, पण लाईट होती.

नानामामा पुढच्या दाराने आला, मांडीवर शालीत गुंडाळलेला डायल घेऊन बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर बसला. बापूमामा मागच्या दाराने स्वयंपाकघरातून आला आणि आतल्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसला, मांडीवर नव्या ब्लँकेटमध्ये पेटी. मधलं दार उघडंच असल्याने दोघं एकमेकांच्या अगदी समोर, मध्ये खोलीभर अंतर. त्या अंतरात दोन पाट, त्यांच्याभोवती आईने बसल्या बसल्या काढलेली रांगोळी. ती पाटांपुढे खुर्चीवर ताट घेऊन बसली होती. निरांजन लावलेलं. धाप तिला तेवढ्यानेही लागली होती.

"शरद," बापूमामा म्हणाला, "तुह्या मोठ्या मामाले सांग, डायल खाली ठेव म्हना. मंग मी पेटी ठेवतो."

नानामामा पाच-सहा हातांवर बसलेला. तो मला म्हणाला, "शरद, त्याले सांग, आबासाहेबांच्या घरात आधी लहान्यानं ठेवाचं असते."

"आबासाहेबांच्या घरात आधी लहान्याले खायले देत, हे बी सांग त्याले."

"खाऊनच तर असा झाला, म्हना."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. दोघांना ऐकू येत होतं. आई म्हणाली, "निरांजनातलं तेल सरून राह्यलं." कोणी हललं नाही. एकाने मांडीवरचा तुकडा जरा जवळ ओढला, दुसऱ्यानेही. दोन म्हातारी माणसं, एकाकडे दालन, एकाकडे दुकान, आणि दोघांच्या कवेत मिळून भंगारवाला ज्याला हात लावणार नाही असं लोखंड. मला अगदी मनापासून किळस आली.

आई उठली. मी हात द्यायला गेलो तर तिने झिडकारला. भिंतीला धरून ती पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेपर्यंत गेली आणि वातींच्या कापसाखालून स्पीकर काढला. कागदी कोनाला मुठीएवढं भोक, उंदरांचं काम. दोन वायरी लोंबत होत्या, त्यांची टोकं हिरवी पडलेली. तो तिने दोन पाटांच्या मध्ये रांगोळीवर ठेवला आणि परत खुर्चीवर बसली.

"हा माहा तुकडा," ती म्हणाली. "मी ठेवला पह्यले. आता ठेवा तुमी."

कोणीच ठेवला नाही.

आणि घूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

मला आधी वाटलं फ्रिज. मग ट्रॅक्टर. मी विचारलं, "हा आवाज कसला?" — आणि दोन्ही मामांनी एकाच वेळी ओठांवर बोट ठेवलं. मग त्यांचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले. आईचेही. तीन म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास बेताने घेत, जमिनीवरच्या पत्र्याकडे पाहत होती. व्हॉल्व्ह फुटू नयेत म्हणून. खोलीत एकही व्हॉल्व्ह चालू नव्हता.

मग तापलेल्या धुळीचा वास आला. मग माणसाचा आवाज.

तो स्पीकरमधूनच येत होता. मी खाली वाकून कान नेला होता. जुन्या धाटणीचं, तोलून उच्चारलेलं मराठी. विदर्भात हवामान मुख्यतः कोरडे राहील, असं त्याने सांगितलं. मग बाजारभाव. सरकी, ज्वारी, जवस, करडई, तूर. क्विंटलच्या नाही, जुन्या खंडीच्या हिशोबात. भाव मी सांगत नाही, माझ्या लक्षात राहिले नाहीत. लक्षात राहिलं ते हे की त्या यादीत सोयाबीन नव्हतं. बाहेर रस्ताभर सोयाबीन उभं होतं, आणि आत एक माणूस शांतपणे जवसाचा भाव सांगत होता. जवस आमच्याकडे आता कोण पेरतं?

तुरीनंतर आवाज थांबला. खरखर नाही, काही नाही. डबीचं झाकण लावावं तसा.

"सरकी उतरली," बापूमामा म्हणाला.

"सरकी नाही, ज्वारी उतरली," नानामामा म्हणाला. "सरकी चढली. तू कधी नीट ऐकलं? तू डोकं खिडकीबाहेर काढून बसे."

"तू मधी बसे म्हनून. खिडकीकडं मले सरकवे कोन?"

"बाई मधी बसे. मी तिकडच्या खिडकीत."

"तिकडच्या खिडकीचा काच बंद राहे, म्हनून तू इकडं..."

बापूमामाला हातवारे केल्याशिवाय भांडता येत नाही, आणि हातवाऱ्यांना दोन्ही हात लागतात. त्याने पेटी खाली ठेवली. नानामामाला उभं राहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्याने डायल सोफ्यावर टाकला आणि आतल्या खोलीत आला.

"आवाज पाह्यला किती साफ? जर्मन माल हाये म्हनून."

"अमेरिकन हाये म्हनून. तुह्या पेटीतून आला का तो?"

"मंग काय तुह्या काट्यातून आला? हे पाह्य, हात लाव. गरम झाली पेटी."

"ब्लँकेटात घालून मांडीवर ठेवली तर म्हैस बी गरम होते."

"खाली बसून भांडा," आई म्हणाली. "माही मान दुखून राह्यली वर पाहू पाहू."

ते बसले. पाटांवर. मला नाही वाटत त्यांच्या लक्षात आलं. नानामामा आबासाहेबांच्या ड्रायव्हरने पेटी कुठे बसवली होती ते जमिनीवर बोटाने काढून दाखवत होता आणि रांगोळी पुसली जात होती. बापूमामा म्हणत होता, तू तेव्हा होता कुठी, तू शाळेत नापास होऊन मावशीकडं होता. आईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, डोकी हलत असल्याने ते जरा तिरपं लागलं. अक्षता टाकल्या. ताट हळूहळू एकाच्या तोंडासमोरून दुसऱ्याच्या तोंडासमोर फिरवलं, तेल संपत आलेल्या निरांजनाने. बोलायला उघडलेल्या तोंडांत एकेक अनारसा घातला. तेवढ्यापुरते दोघं गप्प झाले. आईने ताट खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकून डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती हसत होती.

"आबा फक्त सरकीचा भाव लागला का खटका बंद करत," ती डोळे न उघडता म्हणाली. "बाकी कायले बॅटरी जाळाची, म्हनत."

नवभारताची स्पंदने ती एवढी.

ते जेवायला बसल्यावर मी माझं काम केलं. स्पीकर उचलून पाहिला. वायरी कशालाच लागलेल्या नव्हत्या. कोन फाटलेला, असला स्पीकर चांगल्या अॅम्प्लिफायरला जोडला तरी फार तर फडफडेल. डायल सोफ्यावर, पेटी ब्लँकेटात, तिघांत वायर कुठलीच नाही. पेटी उघडली तर आत व्हायब्रेटर नव्हता, फक्त त्याची रिकामी बैठक आणि कोळ्याचं जाळं. पेटी कोमट होती, खरं. तिच्याबद्दल नानामामाचं म्हशीचं स्पष्टीकरण मला मान्य आहे. डायलचा दिवा लागला होता असं नानामामा आज सांगतो. मी तिकडे पाहत नव्हतो, आणि त्यात दिवाच नाही.

चहाटळपणा असेल म्हणून मोबाईल तपासले. नानामामाला टॉर्च बंद करता येत नाही, तो काय रेकॉर्डिंग वाजवणार. बापूमामाचा फोन दुकानात राहिला होता. शेजारी गावाला गेलेले. बाजार समितीचा लाऊडस्पीकर बंद. मी जाऊन विचारून आलो. ट्रॅक्टरवाल्यांच्या गाण्यांत जवस नसतं. चौघांना एकदम भास झाला म्हणावं, तर तो रेडिओ वाजताना मी कधी ऐकलेला नाही. मला भास व्हायला आधी आठवण तरी हवी. करडईनंतर तूर, हा क्रम मी मनाने कसा रचणार?

यानंतर जे झालं ते अपेक्षेप्रमाणे. नानामामाने दालनातली पाटी बदलली. आता तिथे 'दैवी अमेरिकन रेडिओ' आहे, उद्घाटनही झालं, पांढरे कपडेही आले, त्यांनी डायलला हार घातला आणि घड्याळ फार सुंदर आहे असं सांगितलं. बापूमामाने काचेच्या कपाटात लाल बल्ब लावला. शिरपूरला देवदर्शनाला आलेले लोक आता दुकानातही डोकावतात आणि अगरबत्ती लावून जातात, फवारणीच्या औषधांच्या शेजारी. दोघंही रोज संध्याकाळी फोनवर एकमेकांशी भांडतात. तीस वर्षांचं साचलेलं आहे, पुरेल. आई पलंगावर पडून मला विचारायची, "आज कोन जिंकलं?" मी सांगायचो, कोणी नाही. "बरं झालं," ती म्हणायची.

तिला मी एकदाच विचारलं, तुला काय वाटतं, कसा वाजला?

"तू शिकला," ती म्हणाली. "तू सांग."

उन्हाळा लागायच्या आधी आई गेली. तेरवीला दोन्ही मामा एकाच गाडीतून आले, वाटभर भांडत. जेवणं झाल्यावर नानामामाने चूळ भरली, तोंड पुसलं आणि स्पीकरचं काय, असं विचारलं. बापूमामाही तेच विचारणार होता. दोघांनाही तो हवा होता. मी म्हटलं, तिन्ही तुकडे एका ठिकाणी ठेवा, कुठेही ठेवा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी शेत परक्या माणसाला विकायला सांगितलंय.

"शरद," नानामामा म्हणाला, "तू फिजिक्सवाला होय. याचे दोन नग होतात का?"

होतात. स्पीकरचं चुंबक मागे एका डब्यात असतं, पुढे पत्र्याची वाटी, मध्ये चार स्क्रू. ते मीच काढले. कागदी कोन फेकून दिला, त्यावर कोणाचा दावा नव्हता.

स्क्रू काढताना दिसलं की मागे, काजळीखाली, बनवणाऱ्याचा शिक्का आहे. पॅकिंगच्या सीलसारखा, अर्धा डब्यावर आणि अर्धा वाटीवर मारलेला. डबा नानामामाला गेला, वाटी बापूमामाला. 'मेड इन' हे दोन शब्द सध्या मेडशीला आहेत. पुढचा शब्द शिरपूरला आहे, तो गंजला आहे.